दुष्काळानंतरचे गाणे : प्रायमॉर्डियलचा ‘द गॅदरिंग वाइल्डरनेस’

आयर्लंडच्या प्रायमॉर्डियल या मेटल बँडचा ‘द गॅदरिंग वाइल्डरनेस’ हा अल्बम २००५ साली मेटल ब्लेड या कंपनीने प्रकाशित केला. त्यात सात गाणी आहेत आणि ती सलग ऐकायला जवळजवळ एक तास लागतो. मेटल म्हणजे रॉकमधून निघालेले, जड आणि गडगडाटी गिटारांचे संगीत; त्यात दुःखाची वानवा कधीच नव्हती. परंतु त्यातले बरेचसे दुःख एकट्या माणसाचे असते, आणि ऐकणाराही ते आपल्या खोलीचे दार लावून एकट्यानेच ऐकतो. या अल्बममधले दुःख अख्ख्या गावाचे आहे. ते मोठ्याने, चारचौघांत, मान वर करून सांगितलेले आहे, आणि त्यामुळेच ते ऐकताना भव्यता आणि उदासी या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. विदर्भात जन्मलेल्या आणि नागपुरात राहणाऱ्या माणसाला हा दूरच्या बेटावरचा आवाज इतका आपला का वाटावा, याचा विचार मी पुष्कळ दिवस करीत आलो आहे. तो आज सविस्तर लिहून काढतो.

डब्लिनच्या उत्तरेला समुद्रकाठी स्केरीज नावाचे गाव आहे, प्रायमॉर्डियल तिथला. बास वाजवणारा पोल मॅकॉली आणि गिटारवादक कीरन मॅकविल्यम यांनी १९८७ साली बँड सुरू केला. १९९१ मध्ये ॲलन ॲव्हरिल गायक म्हणून त्यांना मिळाला आणि पुढे तो नेमथिआंगा या नावाने ओळखला जाऊ लागला. पहिला अल्बम १९९५ चा आहे. त्या काळात नॉर्वेतल्या ब्लॅक मेटलचा, म्हणजे किंचाळत्या गळ्याच्या काळोख्या मेटलचा, प्रभाव सर्वत्र होता आणि प्रायमॉर्डियलची सुरुवातीची गाणीही त्याच घराण्यातली आहेत. मधल्या वाटचालीत वेग कधी वाढला, कधी उतरला, पण गाणी लांबत गेली आणि आयर्लंडची माती त्यांत अधिकाधिक मिसळत गेली. ‘द गॅदरिंग वाइल्डरनेस’ हा त्यांचा पाचवा अल्बम. माझ्या मते या बँडचा स्वतःचा आवाज पूर्णपणे सिद्ध झाला तो इथेच.

आयरिश लोकसंगीत आणि रॉक यांचे नाते जुने आहे. हॉर्सलिप्स या बँडने १९७३ मध्येच एका प्राचीन आयरिश वीरकथेवर संपूर्ण अल्बम रचला होता; थिन लिझी या आयरिश रॉक बँडच्या गिटारवादनात पारंपरिक धुनांचे वळण सहज ऐकू येते; आणि १९९० च्या दशकात डब्लिनच्याच क्रुआखान या बँडने धातूची बासरी, पाइप्स अशी गावाकडची वाद्ये थेट मेटलमध्ये आणली. लोकसंगीताची छटा असलेले मेटल म्हटले की पुष्कळांना हाच प्रकार आठवतो : वर बासरी किंवा व्हायोलिन, खाली गिटारचा गडगडाट, आणि समोर नाचणारा जमाव. त्या प्रकारालाही माझा विरोध नाही, त्यात उत्साह आहे. पण प्रायमॉर्डियलचा रस्ता वेगळा आहे. या अल्बममध्ये काम चालते ते मुख्यतः दोन गिटार, बास, ड्रम आणि एक गळा एवढ्यावर. लोकसंगीत वाद्यांच्या रूपाने दिसत नाही, ते स्वरांच्या मांडणीत आणि तालाच्या चालीत मुरलेले आहे, आणि म्हणूनच ते अधिक खोल जाते.

स्वरांच्या मांडणीविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. मेटलमध्ये तळहाताने तारा दाबून तुटक, टणक आघात काढण्याची पद्धत सर्रास वापरली जाते. मॅकविल्यम आणि दुसरा गिटारवादक मीहॉल ओ’फ्लिन तारा शक्यतो मोकळ्या सोडतात. एखादी तार एकच स्वर धरून राहते आणि बाकीच्या तारांवरची धून तिच्या भोवती फिरत राहते. तानपुऱ्याचा षड्ज चालू असताना गायकाचे आलाप जसे त्या एका स्वराला सोडून जातात आणि परत त्याच्याकडे येतात, तसे या धुनांचे जाणे-येणे आहे. आयरिश पारंपरिक धुनांत डोरियन आणि मिक्सोलिडियन हे मोड, म्हणजे स्वरसप्तकाचे प्रकार, पुष्कळ आढळतात, आणि त्यांचे स्वर आपल्या काफी आणि खमाज थाटांशी जुळतात. प्रायमॉर्डियलच्या रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या धुना, मला बहुतांशी आसावरी थाटाच्या स्वरांत फिरताना ऐकू येतात, म्हणजे कोमल गंधार, कोमल धैवत, कोमल निषाद. हार्मोनियमवर साधी भजने वाजवणाऱ्यालाही त्या सापडतील. एकदा सापडल्या की मग जाणवते, की डिस्टॉर्शनचा, म्हणजे गिटारच्या मुद्दाम फाटवलेल्या आवाजाचा, तो दाट पडदा बाजूला केला तर खाली एखादी म्हातारी चुलीपाशी गुणगुणेल इतकी सोपी चाल आहे.

तालाची गोष्ट याहून महत्त्वाची. रॉक आणि मेटलचा व्यवहार बव्हंशी चार मात्रांवर चालतो. आयर्लंडचा जिग मात्र सहाच्या हिशेबावर नाचला जातो, आणि प्रायमॉर्डियलच्या गाण्यांतही हा सहाचा झोका वारंवार येतो. आपल्याकडे दादऱ्याचा ठेका ज्याच्या अंगात भिनलेला आहे त्याला हा झोका समजावून सांगावा लागत नाही. आपले पाळणे, कितीतरी भावगीते आणि अभंग याच झोक्यावर चालतात. फरक एवढाच, की ड्रमवादक सायमन ओ’लीरी हा ठेका फार सावकाश आणि फार जड हाताने वाजवतो. झांजांपेक्षा मोठ्या ढोलांवर त्याचा भर असतो. नाचाचा ताल इतका संथ केला की पाय नाचत नाहीत, ते चालू लागतात, आणि खांद्यावर काही ओझे असल्याप्रमाणे चालू लागतात. या अल्बमची भव्यता मला या चालण्यात दिसते. मेटलमध्ये भव्यता साधायची तर कीबोर्ड, गायकवृंद, वाद्यवृंदाचा साज अशी मोठी तयारी करण्याची रीत आहे. इथे तसले काही नाही. एकच चाल आठ-दहा मिनिटे धरून ठेवायची, तिला घाई करू द्यायची नाही, आणि प्रत्येक फेरीला तिचे वजन थोडे वाढवायचे. हा संयम फार थोड्या बँडजवळ असतो.

ध्वनिमुद्रण बिली अँडरसन या अमेरिकन तंत्रज्ञाचे आहे. न्युरोसिस आणि स्लीप या बँडबरोबरच्या कामामुळे तो प्रसिद्ध आहे, आणि ज्यांनी ते काम ऐकले आहे त्यांना इथला ओबडधोबड, जड, किंचित गढूळ आवाज कुठून आला हे लगेच कळेल. या गढूळपणाबद्दल तक्रार करणारे श्रोते मला भेटले आहेत आणि त्यांचे म्हणणे मी खोटे ठरवणार नाही. बास आणि गिटार काही ठिकाणी एकमेकांत इतके मिसळतात की वेगळे काढता येत नाहीत. तरीही मला हा आवाज या गाण्यांना योग्यच वाटतो. मे महिन्यात नागपुरात दुपारी दोनच्या सुमारास बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नसते, खिडकीतल्या कुलरच्या ताट्यांवरून पाणी टपकत असते आणि त्याच्या पंख्याची एकसुरी घरघर साऱ्या घरात भरलेली असते. अशा वेळी हेडफोन न लावता, साध्या स्पीकरवर ‘द गोल्डन स्पायरल’ हे पहिले गाणे लावले, तर काही क्षण कुलरचा आवाज कुठे संपला आणि गिटारचा कुठे सुरू झाला हे सांगता येत नाही. मग ड्रम येतात आणि खोलीतली हवा हलते. लख्ख, घासूनपुसून घेतलेल्या ध्वनिमुद्रणाला हे साधले नसते. थंड, ओल्या, वाऱ्याच्या देशातले हे संगीत पंचेचाळीस अंशांच्या उन्हात विजोड वाटेल अशी कुणाची समजूत असेल, तर त्याने एकदा हा प्रयोग करून पाहावा. उजाड माळाला ऊन काय आणि पाऊस काय, उजाडपणा दोन्हीकडे सारखाच असतो.

आता गळ्याविषयी. नेमथिआंगाचा आवाज प्रशिक्षित गायकाचा नाही. ब्लॅक मेटलची किंकाळी त्याला येते आणि तो ती अधूनमधून वापरतोही, पण या अल्बममध्ये तो मुख्यतः उघड्या, खरखरीत आवाजात गातो, आणि शब्द न् शब्द स्पष्ट उच्चारतो. रंगमंचावर तो चेहऱ्याला पांढरा-काळा रंग फासून, गळ्यात फासाचा दोर अडकवून उभा राहतो. छायाचित्रात ते कुणाला नाटकी वाटेल; गाणे चालू असताना तसे वाटत नाही, कारण गाण्यातला माणूस मेलेल्यांच्या वतीने बोलतो आहे हे तोवर कानाला पटलेले असते. त्याच्या गाण्याचे वैशिष्ट्य म्हणजे ओळीच्या शेवटी तो स्वर सोडत नाही. तो स्वर ताणतो, थोडा वर नेतो, तिथे त्याला कंप देतो आणि मग खाली टाकतो. खेड्यात वाढलेल्या कुणालाही हे वळण ओळखीचे आहे. मरणाच्या घरी बायका असाच हेल काढून रडतात, आणि त्या रडण्यात गेलेल्या माणसाचे गुण, त्याची अपुरी राहिलेली कामे, त्याच्यामागे राहिलेल्यांची दशा असे सगळे ओळीओळीने येते. आयर्लंडमध्ये या शोकगानाची मोठी परंपरा होती. मृताच्या घरी जाणत्या बायकांना मुद्दाम बोलावले जाई. त्या मृतदेहाशेजारी बसून त्याच्या कुळाचे आणि त्याच्या गुणांचे वर्णन गात, आणि जमलेले लोक त्यांना साथ देत. चर्चने या प्रथेला दीर्घकाळ विरोध केला आणि विसाव्या शतकात ती मावळत गेली. मेटल गायकांनी आपली परंपरा बहुधा ऑपेरातून किंवा ब्लूजमधून घेतली. या एका गळ्यात मला त्या शोक करणाऱ्या बायकांचा वारसा ऐकू येतो.

काटोल तालुक्यातल्या आमच्या गावी एका सुट्टीत मी ओसरीवर बसून या अल्बममधले पाचवे गाणे ऐकत होतो. आजी दाराशी तूर निवडत बसली होती. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग सूप खाली ठेवून म्हणाली, “काहून रडते रे थो मानूस एवढा? कोन मेलं त्याचं?” मी म्हणालो, “दुष्काळ पडला होता त्यांच्याकडं, आजी. गंज लोकं मेली.” तिने सूप पुन्हा उचलले. “मंग बराबर हाय,” एवढेच म्हणाली, आणि गाणे संपेपर्यंत ऐकत राहिली. तिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. त्या गाण्याचे इतके नेमके परीक्षण मी इतरत्र कुठेही वाचलेले नाही.

ते पाचवे गाणे म्हणजे ‘द कॉफिन शिप्स’. सुमारे दहा मिनिटांचे हे गाणे या अल्बमचा कणा आहे, आणि बँडच्या साऱ्या कारकिर्दीतले सर्वांत ओळखले जाणारे गाणेही तेच. विषय आहे आयर्लंडचा महादुष्काळ. १८४५ साली एका रोगाने तिथले बटाट्याचे पीक काळे पडून कुजले, आणि १८५२ पर्यंत त्या संकटाने देशाची पाठ सोडली नाही. गरीब कुळांच्या हाती जमिनीचे इतके लहान तुकडे होते की त्यावर कुटुंब जगवायचे तर बटाट्याशिवाय दुसरे पीक परवडत नसे. धान्य आणि जनावरे खंड भरण्यासाठी विकली जात. त्यामुळे बटाटा गेला तेव्हा त्यांच्याजवळ काहीच उरले नाही, आणि त्याच वर्षांत बंदरांतून धान्य आणि जनावरे बाहेर जातच राहिली. साधारण दहा लाख माणसे भुकेने आणि साथीच्या रोगांनी मेली, आणखी दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाखांच्या वर होती. १८५१ मध्ये ती साडेपासष्ट लाखांवर आली.

देश सोडून जाणाऱ्यांना जी जहाजे मिळाली त्यांनाच पुढे शवपेट्यांची जहाजे हे नाव पडले. त्यांतली कित्येक मुळात मालवाहू होती. कॅनडातून ब्रिटनमध्ये लाकूड आणायचे आणि परतीच्या रिकाम्या फेरीत तळघरात माणसे भरायची, असा तो व्यवहार होता. अन्न आणि पाणी अपुरे, हवा खेळती नाही, आणि एकाला टायफस झाला की पाहता पाहता सगळ्यांना. १८४७ हे त्यातले सर्वांत वाईट वर्ष. त्या एका हंगामात ब्रिटिश उत्तर अमेरिकेकडे निघालेल्या सुमारे एक लाख लोकांपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा वाटेत किंवा पोहोचल्यावर थोड्याच काळात मरण पावला. सेंट लॉरेन्स नदीतल्या ग्रोस ईल या बेटावर विलगीकरणाचे ठाणे होते. तिथे त्या वर्षी पाच हजारांवर माणसे पुरली गेली. आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो परगण्यात, क्रोख पॅट्रिक डोंगराच्या पायथ्याशी, १९९७ मध्ये या दुष्काळाचे राष्ट्रीय स्मारक उभारले गेले. शिल्पकार जॉन बीहन यांनी ब्राँझचे एक जहाज घडवले आहे आणि त्याच्या शिडा-दोरांच्या जागी माणसांचे सांगाडे गुंफले आहेत. छायाचित्रात मी ते पाहिले आहे आणि हे गाणे ऐकताना ते मला हटकून आठवते, कारण गाण्याची रचनाही तशीच आहे : जहाज हलते आहे ते सहा मात्रांच्या झोक्यावर, आणि त्याला पुढे ओढणारे सगळे आवाज मेलेल्यांचे आहेत.

गाणे सुरू होते ते एका साध्या, संथ सुरावटीने. ती सुरावट पुढे मोठ्या आवाजात येते, मग गळा येतो, मग गळा थांबतो आणि सुरावट चालूच राहते. चाल बदलावी, काही वेगळे घडावे असे वाटू लागते, आणि बँड ते घडू देत नाही. माझ्या एका मित्राला हे गाणे कंटाळवाणे वाटते. इतकी लांबी कशासाठी, असे तो विचारतो. अटलांटिक ओलांडायला त्या जहाजांना सहा-सात आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागत असे. तळघरातल्या माणसांना दिवस आणि रात्र यांतला फरकही कळत नसेल. त्या प्रवासाचे गाणे तीन मिनिटांत आटोपले असते तर ते मला अप्रामाणिक वाटले असते.

या दुष्काळाने माणसांबरोबर गाणीही नेली. जॉर्ज पेत्री या संग्राहकाने १८५५ मध्ये पारंपरिक आयरिश धुनांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत दुष्काळानंतर शिवारांवर पसरलेल्या अनोळखी, भयाण शांततेची नोंद त्याने केली आहे. पूर्वी जिथे सतत गाणे ऐकू येई तिथे आता काहीच ऐकू येत नव्हते. मेले ते आणि देशोधडीला लागले ते मुख्यतः पश्चिमेकडचे, आयरिश भाषा बोलणारे गरीब लोक होते, म्हणजे गाणी ज्यांच्या तोंडी होती तेच. हे वाचल्यावर ‘द कॉफिन शिप्स’कडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. दीडशे वर्षांनंतर एका छोट्या किनारी गावातली पोरे गिटार आणि ड्रम घेऊन बसतात आणि जे गाणे त्या वेळी गायला कुणी उरले नव्हते ते गातात. त्यांच्या हाती ते जुने शब्द नाहीत, भाषाही इंग्रजी आहे, वाद्ये अमेरिकन आहेत. हेल तेवढा जुना आहे.

इथे मला माझ्या मुलखाकडे वळावेच लागते, आणि हे वळण मी ओढूनताणून घेत नाही, कारण दोन्हीकडचा इतिहास एकाच दप्तरातला आहे. आयर्लंडच्या मदतकार्याची सूत्रे लंडनच्या अर्थखात्यात ज्यांच्या हाती होती ते चार्ल्स ट्रेव्हेल्यन आधी कंपनी सरकारच्या नोकरीत हिंदुस्थानात होते आणि पुढे १८५९ मध्ये मद्रासचे गव्हर्नर होऊन परत आले. बाजाराच्या व्यवहारात सरकारने हात घालू नये, हे त्यांचे तत्त्व इथेही रुजलेले होते. सर रिचर्ड टेंपल १८६० च्या दशकात मध्य प्रांताचे चीफ कमिशनर म्हणून नागपुरात होते. आपला अजब बंगला, म्हणजे नागपूरचे जुने वस्तुसंग्रहालय, त्यांच्याच कारकिर्दीतला. याच टेंपलसाहेबांनी १८७७ च्या दुष्काळात मद्रास इलाख्यातल्या खडी फोडणाऱ्या मजुराचे रोजचे धान्य एक पौंडावर, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमवर आणले. वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे लिव्हरपूलच्या बाजारात जात होता, आणि आयर्लंड सोडणाऱ्या लाखो माणसांनी जहाज पकडले तेही लिव्हरपूललाच. नागपूरपर्यंत रेल्वे १८६७ मध्येच येऊन पोहोचली होती, पण १८९६-९७ आणि १८९९-१९०० या लागोपाठच्या दुष्काळांत मध्य प्रांत आणि वऱ्हाड होरपळून निघाले. १८९१ ते १९०१ या दशकात या दोन्ही प्रदेशांची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. जनगणनेच्या तक्त्यात ही घट एका ओळीत लिहिलेली आहे.

त्या ओळीचे गाणे माझ्या कानांवर आजवर आलेले नाही. आमच्या पणज्यांनी तो काळ पाहिला असणार, आणि त्या मूकपणे बसल्या असतील हे मला पटत नाही. जात्यावर, शेतात, मरणाच्या घरी त्या काहीतरी म्हणाल्याच असतील. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ या संशोधकांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा बायकांच्या तोंडी किती काय साठलेले असते हे महाराष्ट्राला कळले. विदर्भातल्या दुष्काळांच्या ओव्या कुणी कधी अशा आस्थेने गोळा केल्या असत्या, तर कदाचित माझी आजी एका परक्या बुवाचे रडणे ऐकून जे समजली ते आम्हा नातवंडांनाही आपल्या भाषेत समजले असते.

आणि ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची म्हणून सोडून देण्याजोगी नाही. कापूस पिकवणाऱ्या यवतमाळ, वर्धा, अमरावती या जिल्ह्यांतून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या माझ्या पिढीने वर्षानुवर्षे वाचल्या आहेत. पात्र प्रकरणे, अपात्र प्रकरणे, मदतीचा धनादेश, पुढच्या अधिवेशनातला आकडा, अशा भाषेत त्या येतात. आकडे लागतात, त्यांच्यावाचून सरकारला जाब विचारता येत नाही, हे मला मान्य आहे. पण माणूस गेल्याचे दुःख आकड्याने होत नाही आणि आकड्याने फिटतही नाही. त्याला सूर लागतो, आणि तो सूर एकट्या विधवेच्या घरात कोंडून न राहता चव्हाट्यावर यावा लागतो. ‘द गॅदरिंग वाइल्डरनेस’ ऐकताना मला हेवा वाटतो तो या गोष्टीचा. युरोपभरच्या महोत्सवांतून हजारो लोक, त्यांतले बहुतेक आयर्लंडशी काही संबंध नसलेले, त्या दुष्काळात मेलेल्यांचे गाणे गायकाबरोबर मोठ्याने म्हणतात. आपल्याकडे जमावाने म्हणायच्या गाण्यांना तोटा नाही, पण ती जयजयकाराची असतात.

बाकीच्या गाण्यांविषयी थोडक्यात. शीर्षकगीत अल्बमच्या सुरुवातीलाच सारी उजाड भूमी उभी करते आणि मला ते पहिल्या गाण्याहून सरस वाटते. ‘द साँग ऑफ द टूम’ हे त्यामानाने सरळ, आटोपशीर गाणे आहे. ‘एंड ऑफ ऑल टाइम्स’मध्ये ब्लॅक मेटलचा जुना आवेश परत येतो, आणि पाठोपाठ येणाऱ्या ‘द कॉफिन शिप्स’साठी तो कान मोकळे करून ठेवतो. ‘ट्रॅजेडीज बर्थ’ मला अल्बममधला कच्चा दुवा वाटतो. इतक्या मोठ्या गाण्यानंतर कोणतेही गाणे आले असते तरी ते फिकेच पडले असते, हेही खरे. ‘सिटीज कार्व्ड इन स्टोन’ हे शेवटचे गाणे मात्र अल्बमला साजेसे लांब आणि गंभीर आहे. ते कुठलाही दिलासा देत नाही, आणि त्याबद्दल मी बँडचा ऋणी आहे.

ज्यांना हा अल्बम आवडेल त्यांनी पुढचा, २००७ चा ‘टू द नेमलेस डेड’ ऐकावाच. वेल्समधल्या फोएल स्टुडिओत तो ध्वनिमुद्रित झाला. त्याचा आवाज अधिक स्वच्छ आहे, चाली अधिक ठाशीव आहेत, आणि साम्राज्ये कशी कोसळतात हा त्याचा मोठा विषय आहे. पुष्कळ श्रोते त्यालाच बँडचे सर्वोत्तम काम मानतात. कलाकृती म्हणून तो अधिक रेखीव आहे हे मीही मान्य करीन, तरी माझा कौल आधीच्याच अल्बमला. नवख्या श्रोत्याने ‘द कॉफिन शिप्स’ एकटे काढून ऐकू नये. पहिल्या गाण्यापासून क्रमाने, मध्ये न थांबता, फोन बाजूला ठेवून ऐकावे. त्या गाण्यापर्यंत पोहोचायला जी तीस-पस्तीस मिनिटे लागतात ती त्याचाच भाग आहेत.

शेवटी वाचकांना एक विनंती. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीतल्या किंवा वऱ्हाडातल्या कुणाच्या घरी जुन्या दुष्काळाची ओवी, दंडारीतले एखादे पद, भुलाबाईच्या गाण्यातली एखादी ओळ कुण्या वडीलधाऱ्या बाईच्या तोंडी अजून असेल, तर ती कृपया तिच्याच आवाजात फोनवर टिपून ठेवावी. गावाचे नाव, तिचे वय आणि तिने ते कुणाकडून ऐकले हेही तिला विचारून सोबत लिहावे, आणि तिची हरकत नसेल तर माझ्यापर्यंत पोहोचवावे. माझी आजी आता नाही, आणि तिला हे विचारायचे मला तेव्हा सुचले नव्हते.